तळ्याची वही आणि मॅडमनी न लिहिलेली ओळ

आम्हाला मॅडमकडून एकच ओळ लिहून हवी होती. ‘तलावातले मासे आंब्यावरच्या फवारणीच्या औषधाने मेले’, एवढीच. खाली त्यांची सही. तो कागद घेऊन तहसीलदार कचेरीत जायचं, पोलिसांत द्यायचा, ठेकेदाराच्या नुकसानीचं बोलायचं, सगळं मॅडम पोचण्याआधीच ठरलं होतं. मॅडमनी ती ओळ लिहिली नाही. त्या दिवशी गावातल्या निम्म्या लोकांइतकाच मीही त्यांच्यावर चिडलो होतो.

त्या गोष्टीला आता दोन पावसाळे उलटले. आजूबाजूच्या गावांतून विचारणा होते, ‘तुमच्यासारखी तलावाची नोंद आम्हालाही ठेवायची आहे, तज्ज्ञ कोण मिळेल?’ तज्ज्ञ मिळतील. मिळाल्यावर त्यांच्याकडून काय घ्यायचं आणि काय मागायचं नाही, हे मात्र आम्ही ठेचा खात शिकलो. ते एकदा नीट मांडून ठेवावं म्हणून हे लिहितो आहे.

गाव मालवण तालुक्यातलं. नाव देत नाही, कारण यातली माणसं अजून एकमेकांच्या लग्नाकार्याला जातात आणि ते तसंच राहावं. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मॅडम प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर त्यांचं आयुष्यभराचं काम. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या त्या बाई. त्या ओळखीवर आल्या आणि एसटीच्या तिकिटाशिवाय त्यांनी आमच्याकडून एक रुपया घेतला नाही.

तळं

आमच्याकडे तलाव म्हटलं की धामापूरचं नाव निघतं. 1530 सालचा तो तलाव. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. आमचं तळं त्याच्यापुढे लहान. दोन डोंगरांच्या बेचक्यात जांभ्याच्या चिऱ्यांचा बांध घातलेला, वरच्या अंगाला कलमांच्या बागा, खालच्या अंगाला वायंगणी भाताचे मळे आणि त्यांच्या कडेने विहिरी. बांधाला पाणी असेल तर विहिरींना पाणी, इतकं साधं गणित. याच तळ्यावर गुरं येतात, धुणी होतात, गणपती विसर्जन होतात आणि ग्रामपंचायत मासे पाळायला ते ठेक्याने देते.

सिंधुदुर्गात पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो. पुढे आठ महिने तळं एकाच पाण्यावर जगतं. त्यात हा जांभा. जांभ्यात चुना जवळजवळ नसतो, म्हणून त्यातून उतरणारं पाणी मऊ. साबणाला छान फेस येतो, पण आंबटपणा वाढला-घटला तर तो सावरून धरायची ताकद त्या पाण्यात कमी. आणि जांभ्यात लोखंड भरपूर. हे लोखंड खतातलं, साबणातलं, शेणातलं फॉस्फरस तळाच्या गाळात बांधून ठेवतं. तळाशी प्राणवायू असेपर्यंत ते बांधलेलं राहतं. प्राणवायू संपला की लोखंडाचं रूप बदलतं आणि इतक्या वर्षांचा साठा पाण्यात सुटतो. फॉस्फरस हे शेवाळाचं खाद्य, म्हणून वरून हिरवं शेवाळ चढायला लागतं ते त्यानंतर. हे सगळं मॅडमनी पहिल्याच भेटीत बांधावर बसून सांगितलं, हातात एक लाल ढेकूळ घेऊन. मी पंचवीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे, पण ज्या दगडाच्या घरात राहतो त्याचा आणि तळ्याच्या रंगाचा असा संबंध माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

मशीन नको

नोंदी ठेवायची कल्पना गणपतीत निघाली. मुंबईचे चाकरमानी आले होते, त्यांनी तळ्याचा रंग बघितला, वास घेतला आणि मंडळातर्फे एक डिजिटल यंत्र घेऊन द्यायचं कबूल केलं. पाण्यात बुडवलं की आठ-दहा आकडे पडद्यावर येतात असलं. आम्ही हुरळलो. मॅडमना कळवलं तेव्हा वाटलं, त्या शाबासकी देतील.

त्यांनी विचारलं, “आकडे कुणाला दाखवणार? आणि ते बघून कोण काय ठरवणार?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी यंत्राची गोष्ट काढली. त्याची दांडी वापरून वापरून निकामी होते, ती बदलावी लागते. ठरलेल्या ताकदीच्या द्रावणात बुडवून ते वरचेवर जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर ते तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकीचे आकडे दाखवतं. तो खर्च पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोण करणार? मंडळाचे पैसे त्यांनी नाकारू दिले नाहीत. त्यातून काचेच्या झाकणाच्या बाटल्या, ब्युरेट (थेंब मोजून सोडायची खुणांची नळी), रसायनं, दोन लाइफ जॅकेट आणि होडीची डागडुजी झाली.

मोजायच्या गोष्टी तीनच ठरल्या: पाणी किती नितळ आहे, किती गरम आहे आणि त्यात प्राणवायू किती आहे. बाकी यादी त्यांनी खोडली. नायट्रेट, क्लोराइड वगैरे तपासायला ग्रामपंचायतीकडे जल जीवन मिशनचा संच होताच आणि गावातल्या पाच बायकांना त्याचं शिक्षणही मिळालेलं होतं. तो संच पिण्याच्या पाण्यासाठी आहे, तो विहिरींवरच वापरा, असं त्यांनी सांगितलं. आणि त्या पाचही जणींना आमच्या गटात घ्यायला लावलं. पाण्यात विष्ठेची घाण मिसळली असली की जी बाटली काळी पडते, ती बांधाखालच्या विहिरींना दर महिन्याला लागू लागली. बाटली काळी झाली की मॅडम बजावायच्या: यातून ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच कळतं, किती ते कळत नाही. वहीत तेवढंच लिहा.

नितळपणा मोजायची तबकडी आम्ही शाळेत बनवली. वीस सेंटिमीटर व्यासाचा पत्रा, चार भाग पाडून दोन काळे दोन पांढरे, मधोमध दोरी, खाली वजन. एका इटालियन धर्मगुरूने, आंजेलो सेकीने, 1865 मध्ये समुद्रावर वापरलेली ही युक्ती. तबकडी सोडत जायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, वर ओढत आणायची, पुन्हा दिसली की परत बघायची, दोन्हींची सरासरी. होडीच्या सावलीच्या बाजूने, दहा ते दोनच्या दरम्यान. अमेरिकेतल्या कार्लसनने 1977 मध्ये या खोलीवरून तलाव किती पोसलेला आहे, म्हणजे त्यात शेवाळ किती माजलंय, याचा निर्देशांक बसवला. दोन मीटरला तो साधारण 50 येतो आणि खोली निम्मी झाली की 10 ने चढतो. मला तो फार आवडला. दर महिन्याला आलेख काढून शाळेच्या फळ्यावर लावू लागलो. पावसाळ्यात मॅडमनी तो उतरवायला लावला. जुलैत पाणी गढूळ होतं ते लाल मातीने, शेवाळाने नव्हे. तबकडी दोन्हींत सारखीच दिसेनाशी होते. निर्देशांक शेवाळाचा आहे, मातीला लावला तर खोटं बोलतो. ही कात्री तज्ज्ञानेच चालवावी. आमच्यासारखा हौशी माणूस हाती लागलेलं सूत्र जिथेतिथे लावत सुटतो.

दोरीची गंमत वेगळीच. आम्ही काथ्याची दोरी घेतली होती, खुणा बांधून. होडी वल्हवणाऱ्या पोराच्या लक्षात आलं की भिजल्यावर खुणांमधलं अंतर बदलतं. मॅडमनी त्याच्यासमोर वही उघडून तारीख घातली आणि लिहिलं की याआधीच्या नोंदींत एवढ्या बोटांची चूक असू शकते, आणि हे कुणी दाखवून दिलं तेही लिहिलं. त्यानंतर घाटाच्या पायरीवर छिन्नीने एक मीटरची खूण करून घेतली. दर वेळी ओली दोरी आधी त्या खुणेला लावायची, मगच होडीत बसायचं.

चार आठवडे तोच आकडा

पहिल्या हिवाळ्यात एक प्रसंग घडला, तो सांगायलाच हवा. मॅडम वही चाळत होत्या. नितळपणाचा आकडा लागोपाठ चार आठवडे एकच, दशांशासकट. नोंद घेणारी नववीची दोन पोरं समोर उभी. मला कळून चुकलं आणि कानशिलं गरम झाली. मी ओरडणार एवढ्यात मॅडमनी विचारलं, “या दिवसांत होडीत पाणी येत होतं का रे?”

येत होतं. फट पडली होती, पाणी उपसायला तिसरं कुणी नव्हतं, शनिवारी सकाळची शाळा आणि घरी सुपारी सोलायची कामं. पोरांनी काठावर बसून मागचाच आकडा उतरवला होता. मॅडमनी ती चार पानं फाडू दिली नाहीत. प्रत्येक आकड्यावर एक रेघ, शेजारी ‘मोजलं नाही’, आणि पोरांच्या सह्या. मग म्हणाल्या की दर आठवड्याला मोजायचं हा माझा हट्ट होता, तुमच्या घरची कामं न विचारता मी तो घातला. पंधरवड्याने मोजा, पण मोजा. पेन्सिलीने लिहायचं, खोडरबर वापरायचं नाही, न मोजलेली जागा रिकामी ठेवायची, हे नियम त्या दिवसापासूनचे. त्यातलं एक पोर आज डिप्लोमाला आहे आणि सुट्टीत आलं की आधी होडी बघायला जातं.

मला वाटतं, आमची वही खरी तिथून सुरू झाली. खोटा आकडा पकडणं कुणालाही जमेल. तो का लिहावा लागला हे शोधून वेळापत्रक बदलणं, हे मी मॅडमना करताना पाहिलं.

“अकरा वाजता काय गावतला?”

प्राणवायू मोजायची पद्धत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, 1888 सालची. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण घालायचं, झाकण लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. एवढं होडीत. ॲसिड होडीत न्यायला मॅडमची सक्त मनाई. ते शाळेच्या प्रयोगशाळेत, चष्मा लावून, मोठ्या माणसाने. मग साका विरघळून पाणी सोनेरी होतं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत त्याचा रंग घालवला की आकडा मिळतो. दर ठिकाणी दोन बाटल्या. दोघींचा मेळ बसला नाही तर नोंद धरायची नाही.

खोल पाण्यासाठी आम्ही वजन बांधलेली बाटली, बुचाला दोरी, अशी जोडणी केली होती: खाली सोडायची आणि दोरी ओढून बूच काढायचं. मॅडमनी ती एका दिवसात बाद केली. रिकाम्या बाटलीत पाणी शिरताना आतल्या हवेशी घुसळतं आणि प्राणवायू फुकटचा चढतो. मग झाकणाच्या डब्यात बाटली ठेवून दोन नळ्या अशा बसवल्या की पाणी बाटलीच्या तळापासून भरत वर येतं, बाटली ओसंडून डबा भरतो आणि हवा लागलेलं पहिलं पाणी आपोआप बाहेर पडतं. गावच्या वेल्डरने तो डबा बनवला. अजून तोच चालतो.

मोजायची वेळ अकराची. नितळपणा त्या वेळी बघायचा, त्याच फेरीत प्राणवायूही. आकडे लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम येत होते. 30 अंशांच्या पाण्यात हवेतून जेवढा मावतो तेवढा प्राणवायू साधारण साडेसात मिलिग्रॅम आणि माशांच्या जगण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने धरलेली किमान पातळी 4. आम्ही निर्धास्त.

घाटावर गळ टाकून बसणारे एक आबा हे महिनोन्‌महिने बघत होते. एप्रिलमध्ये एकदा न राहवून म्हणाले, “मास्तरांनू, अकरा वाजता तुमका काय गावतला? मासो पहाटे वर येता. तोंड उघडून वारो घेता. तेव्हा येवा.” शेजारी धुणं धूत असलेल्या काकी म्हणाल्या, “आणि पाणी वर कोमट लागता नि पायाक थंडगार. पूर्वी असा नाय होता.”

मी हे गंमत म्हणून फोनवर सांगितलं. पलीकडे मॅडम थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी त्या मुक्कामालाच आल्या आणि पहाटे पाचला आम्ही होडीत होतो. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ, मासे, गाळ सगळे मिळून तो खातात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात खाली गेलेला असतो. वरच्या पाण्यातला आकडा अकराच्या निम्म्याहून कमी आला. आणि तळाची बाटली. विजेरीच्या उजेडात मॅडमनी ती उलटसुलट केली. आत पांढरे ढग उठले आणि पांढरेच खाली बसले. तपकिरीचा मागमूस नाही. डब्यात उरलेल्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास. आमच्या पायाखाली तीन-साडेतीन मीटरवर श्वास घेण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, आणि आम्ही सहा महिने अकराच्या उन्हात सहा-सात लिहीत होतो.

काकींच्या पायांना लागलं होतं तेही खरं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, आणि दोन्ही मिसळेनासे होतात. मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर कामाची पद्धत लिहिलेली होती. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली: ‘पहाटेची नोंद आवश्यक. सूचना: आबा व काकी.’ घरच्या नावांनिशी. ते पान काकींनी सुनेकडून दोनदा वाचून घेतलं.

मासे मेले तो दिवस

जूनच्या सुरुवातीला तीन दिवस आभाळ भरून राहिलं. चौथ्या संध्याकाळी सोसाट्याचा वारा आणि पाऊस. सकाळी तळ्याच्या वाऱ्याकडच्या काठाला पांढरी पोटं. कटला, रोहू, मोठे मोठे. ठेकेदार डोक्याला हात लावून बसलेला.

तासाभरात कारण ठरलं होतं. वरच्या बागेतला गडी फवारणीचा पंप घाटावर धुतो हे सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं, आणि त्या बागायतदाराशी वाटेवरून जुनी तेढ. मीही मनातून त्याच बाजूचा होतो.

मॅडमना फोन केला. त्यांनी कारण विचारलं नाही. एकामागून एक कामं सांगितली: आधी पाण्याच्या बाटल्या भरा, वरच्या आणि तळाच्या. काचेची स्वच्छ बाटली घेऊन औषधाच्या तपासणीसाठी पाणी वेगळं भरा, प्लास्टिकची नको, आणि बर्फात ठेवा. धडपडणारा एखादा मासा बर्फात ठेवा, सडलेला काही कामाचा नाही. हातमोजे घाला. हे मासे कुणी खायचे नाहीत, विकायचे नाहीत. आणि कोण मेलं तेवढंच लिहू नका, कोण जिवंत आहे ते लिहा.

हे शेवटचं मला तेव्हा कळलं नाही. पोरांनी काठाने फिरून लिहिलं: मरळ जिवंत. बेडकांची पिल्लं जिवंत, पाण्यावर धावणारे किडे जिवंत. कोळंबी काठाच्या उथळ पाण्यात गोळा झालेली, काही दगडावर चढलेली. मेलेल्यांत मोठे मासे जास्त.

दुपारी देवळाच्या सभामंडपात गाव जमलं. मॅडम संध्याकाळच्या गाडीने पोचल्या, पाय धुऊन थेट तिथेच आल्या आणि ती यादी मोठ्याने वाचून दाखवली. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकते, कटला-रोहूंना ते जमत नाही. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी मारतात त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं किडे आणि कोळंबी यांना अगदी थोडीही पुरतात. असलं औषध मारण्याइतकं पाण्यात असतं तर ते आधी मेले असते. शिवाय ती फवारणी हिवाळ्यातली, हा जून. तीन दिवस ऊन नाही म्हणून वर प्राणवायू तयार झाला नाही. मग थंड पाऊस आणि वारा आला, तळाचं मेलेलं पाणी वर मिसळलं. सकाळी भरलेल्या दोन्ही बाटल्या एकच सांगत होत्या: वरच्या पाण्यातही प्राणवायू दोनच्या खाली.

मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे बागायतदार सुटला? आणि मागून एकाने आवाज दिला, “मॅडमांका तेना आपल्या बाजूक केल्यान!”

मॅडम बसल्या जागेवरून उठल्या. त्या म्हणाल्या की मासे गुदमरून मेले हे मी सही करून देते. तळाशी गाळ आणि खत साठलं म्हणून ही वेळ आली हेही देते. पण ते खत बागेतलं किती, गोठ्यांतलं किती, धुण्याच्या साबणाचं किती, निर्माल्याचं किती, हे आपल्या वहीत नाही. जे वहीत नाही ते मी लिहिणार नाही.

बागायतदारही तिथेच होता. त्याला वाटलं आपलं काम झालं. त्याने दुसऱ्या दिवशी आपल्याला निर्दोष ठरवणारं पत्र मागितलं. तेही त्यांनी दिलं नाही. आमची काचेची बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दोन दिवस गेले, बर्फ वितळला, आणि तिथे नमुना स्वीकारला गेला नाही. म्हणून मॅडमच्या दोन पानी टिपणात एक वाक्य आहे: ‘पाण्यात कीटकनाशक होते की नव्हते, हे सांगण्यासारखा पुरावा आमच्याकडे नाही.’ टिपणाच्या डाव्या पानावर ‘नोंदींवरून सांगता येते ते’, उजव्या पानावर ‘सांगता येत नाही ते’. उजवं पान जास्त भरलेलं होतं.

दोन्ही बाजू नाराज झाल्या. आठवडाभर मॅडमना चहाला बोलवायला कुणी पुढे येईना, आणि त्या आमच्याच ओटीवर राहत होत्या. पण ते टिपण जेव्हा ग्रामसभेत वाचलं, तेव्हा त्यावर भांडायला कुणाला जागा सापडली नाही. पंप घाटावर धुवायचा नाही असा ठराव झाला आणि बागायतदाराने त्यावर पहिली सही केली. मासे त्याने मारले असं कुणी म्हटलं असतं, तर ती सही कधीच मिळाली नसती, हे मला आज स्वच्छ दिसतं. त्या दिवशी दिसलं नव्हतं.

एक गोष्ट मॅडमनी स्वतःच्या नावावर घेतली. नमुना कोणत्या प्रयोगशाळेत, कुणाच्या गाडीने, बर्फ कुठून, हे आधी ठरलेलं नव्हतं आणि ते ठरवून ठेवणं त्यांचं काम होतं. आता शाळेच्या कपाटात गडद काचेच्या धुतलेल्या दोन बाटल्या कायम असतात, दाराच्या आतल्या बाजूला फोन नंबर, आणि बर्फासाठी बंदरावरच्या एका मासळीवालीशी बोलून ठेवलेलं आहे.

त्यानंतर

गाळ काढायचा उत्साह मोठा होता. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 पासून आहे, तिच्यात बसवून एका उन्हाळ्यात सगळं तळं खरवडून काढू, असं बोललं जात होतं. मॅडम म्हणाल्या की गाळाविषयी मी बोलू शकते, बांधाविषयी नाही. बांधाच्या पायथ्याशी यंत्र लावायच्या आधी स्थापत्य अभियंत्याला विचारा. आपल्या विषयाची हद्द कुठे संपते हे आपणहून सांगणारा सल्लागार मी दुसरा पाहिलेला नाही. अभियंता आला, बांधापासून अंतर आखून दिलं, आणि पहिल्या वर्षी वरच्या अंगाचा तेवढाच गाळ निघाला. निर्माल्यासाठी घाटाशेजारी खड्डा झाला. धुणी मात्र अजून तिथेच होतात. नळाचं पाणी पुरत नाही तोवर बायकांना दुसरीकडे जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या वर्षी मॅडम तीनदाच आल्या. येण्याऐवजी त्यांनी एक उपद्व्याप सुरू केला: ताकद फक्त त्यांनाच माहीत असलेलं द्रावण बंद बाटलीतून पाठवायच्या, मुलींनी ते तपासून आकडा कळवायचा. पहिल्यांदा आमचा आकडा बराच चुकला. ब्युरेटमधलं रंग घालवणारं द्रावण, थायोसल्फेट, जुनं झालं होतं. तिसऱ्यांदा जुळला.

या मे महिन्यात, पहाटे, दहावीची एक मुलगी आणि जल जीवनच्या संचावर शिकलेली तिची आई होडीत होत्या. मी काठावरून विजेरी धरली होती. मुलीने तळाची बाटली उलटसुलट केली आणि ओरडली, “सर, तपकिरी!” फिकट होता, चहात दूध जास्त पडावं तसा, पण पांढरा नव्हता. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या जाग्याच होत्या.

“दुसरी बाटली?” त्यांनी विचारलं.

मुलीने वहीतली जागा रिकामी ठेवली, पेन्सील कानावर खोचली आणि डबा पुन्हा पाण्यात सोडला.